विखुरलेल्यांची मोजदाद

नोव्हेंबर २०२५ मध्ये इस्रायलच्या मंत्रिमंडळाने एक ठराव मंजूर केला. मणिपूर आणि मिझोराम या आपल्या दोन राज्यांत राहणाऱ्या ‘बनेई मनाशे’ समाजातील उरलेल्या सुमारे ५,८०० माणसांना २०३० सालापर्यंत इस्रायलमध्ये नेऊन वसवायचे आणि त्यांची सोय उत्तरेकडच्या गॅलिली भागात करायची, असा तो ठराव. आपल्याकडे ही बातमी आली तशी गेली. कुणी त्यात दोन देशांची वाढती मैत्री पाहिली, कुणी मणिपूरच्या होरपळीतून चार माणसे सुटली म्हणून समाधान मानले. पण या बातमीच्या मुळाशी असलेली कल्पना आजच्या राजकारणापेक्षा अडीच हजार वर्षांनी जुनी आहे. देव आपल्या विखुरलेल्या लोकांना पृथ्वीच्या चारी कोपऱ्यांतून पुन्हा एकत्र आणील, हीच ती कल्पना.

महाराष्ट्राला ती परकी नाही. पूर्वीच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातून, अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या पट्ट्यातून, मराठी बोलणारा जवळजवळ एक अख्खा समाज याच कल्पनेच्या ओढीने समुद्रापलीकडे निघून गेला. त्या बेने इस्रायलांचे तिथे काय झाले, हे आठवले तर ईशान्येच्या या नव्या प्रवाशांपुढे काय वाढून ठेवले आहे, याचा थोडाफार अंदाज येतो. शिवाय एक जुनाच प्रश्न नव्याने समोर येतो. गोळा करणारा देव असेल, तर दारात वही घेऊन बसलेला आणि ‘तू आमचाच कशावरून?’ असे विचारणारा माणूस कोणाचा?

बाबेलची कैद

गोष्ट सुरू होते ती दोन पराभवांपासून. ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरी सैन्याने इस्रायलचे उत्तरेकडचे राज्य बुडवले आणि तिथल्या लोकांना आपल्या साम्राज्यात दूरदूर नेऊन टाकले. परंपरेने ज्यांना ‘हरवलेले दहा वंश’ म्हणतात ते हेच. मनश्शेचा वंश त्यांपैकी एक. पुढे ख्रिस्तपूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेम घेतले, मंदिर जाळले आणि यहूदा राज्यातली माणसे कैद करून नेली. राज्य गेले, मंदिर गेले, जमीन गेली. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे देवाचे राज्य त्याच्या भूमीपुरते असे. भूमी सुटली की देव सुटला, असेच कुणालाही वाटले असते.

बायबलमधले संदेष्टे नेमके याच्या उलट बोलले. यहेज्केल हा स्वतः कैद्यांच्या तांड्यात बाबेलला गेलेला पुरोहित. त्याला सुकलेल्या हाडांनी भरलेली दरी दिसली, त्या हाडांवर मांस चढले, त्यांच्यात श्वास आला आणि ती माणसे म्हणून उभी राहिली. हा दृष्टांत घर गमावलेल्या लोकांना उद्देशून होता. यशयाच्या ग्रंथात देव पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण या दिशांनाच आज्ञा करतो की माझी लेकरे सोडा. आणि यिर्मया तर परतणाऱ्यांच्या मेळाव्यात कोण कोण असेल हेही सांगतो. त्यात आंधळे आहेत, लंगडे आहेत, गर्भवती आहेत, प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बायाही आहेत. लांबच्या वाटेवर ज्यांना बरोबर घेणे कोणत्याही तांड्याच्या म्होरक्याला परवडणार नाही, अशीच ही माणसे.

या सगळ्या वचनांत एक गोष्ट समान आहे. गोळा करणारा देव आहे. मेंढपाळ कळप गोळा करतो तसा. कुणाला घ्यावे आणि कुणाला मागे ठेवावे, याची यादी संदेष्ट्यांनी कुणाच्या हाती दिलेली नाही.

यादी आली ती प्रत्यक्ष परतीच्या वेळी. ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले आणि कैद्यांना घरी जाण्याची मुभा दिली. एज्राच्या ग्रंथात परतणाऱ्यांची संख्या ४२,३६० अशी दिली आहे. घराण्यांची नावे आहेत, गावांची नावे आहेत, घोड्या-उंटांचीही मोजदाद आहे. त्याच यादीत काही कुटुंबे अशी आहेत की ज्यांना आपण इस्रायलचेच, हे सिद्ध करता आले नाही. काही पुरोहित घराण्यांचा वंशवृक्ष सापडला नाही, म्हणून त्यांना पुरोहितपदापासून दूर ठेवण्यात आले. पुढे तर परक्या वंशातल्या बायकांना मुलांसह सोडून देण्याचा निर्णय झाला. म्हणजे पहिल्याच परतीच्या वेळी वही उघडली गेली होती.

पण त्याच बायबलमध्ये रूथची गोष्टही आहे. रूथ मवाबी, म्हणजे परक्याच वंशाची. विधवा झाल्यावर ती सासूचा हात सोडत नाही, तिच्यामागोमाग बेथलेहेमला येते, शेतात सरवा वेचून दोघींचे पोट भरते. तिचा पणतू म्हणजे दावीद राजा. वंशवृक्षाची वही काटेकोरपणे उघडली असती तर इस्रायलच्या सर्वांत मोठ्या राजाच्या पणजीलाच दारातून परत फिरावे लागले असते. हे दोन सूर, एज्राचा आणि रूथचा, एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात. पुढचा सगळा इतिहास या दोन सुरांमधल्या ओढाताणीचा आहे, असे म्हटले तरी चालेल.

प्रार्थनेतून कायद्यात

कोरेशाने मुभा दिली तरी सगळे परतले नाहीत. पुष्कळ जण बाबेलमध्येच राहिले, रमले आणि काही शतकांनी तिथेच बाबेली तालमूद हा त्यांचा महान ग्रंथ आकाराला आला. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे दुसरे मंदिरही पाडले आणि पांगापांग अधिकच वाढली. गोळा होण्याची आस मात्र रोजच्या प्रार्थनेत जपली गेली. शिंग फुंकून आम्हा निर्वासितांना चारी दिशांतून एकत्र आण, अशा आशयाची विनवणी ज्यू माणूस आजही दर कामाच्या दिवशी करतो. ख्रिस्ती परंपरेने हीच कल्पना निराळ्या अंगाने घेतली. कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेते तसे जेरुसलेमच्या लेकरांना जवळ घ्यावे, असे येशूला अनेकदा वाटले होते. योहानाच्या शुभवर्तमानात तर त्याचे मरणच देवाच्या पांगलेल्या लेकरांना एकत्र करण्यासाठी होते, असे सांगितले आहे. तिथे वंशाची अट उरलेली नाही.

विसाव्या शतकात ही प्रार्थना राज्याच्या कारभारात आली. १४ मे १९४८ च्या इस्रायलच्या स्वातंत्र्यघोषणेत ‘निर्वासितांना गोळा करणे’ हे नव्या राज्याचे काम म्हणून नोंदवले गेले. हिब्रूत त्याला ‘किब्बुत्स गालुयोत’ म्हणतात. सहकारी शेतीच्या संदर्भात आपल्याला ठाऊक असलेला ‘किबुत्झ’ हा शब्द त्याच धातूचा. १९५० मध्ये ‘परतीचा कायदा’ झाला आणि जगातल्या प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये येऊन राहण्याचा हक्क मिळाला. युरोपात साठ लाख ज्यूंची कत्तल होऊन पाच वर्षेच झाली होती आणि त्या काळात जगातल्या बहुतेक देशांनी त्यांना दारे बंद केली होती. ही पार्श्वभूमी विसरून त्या कायद्याचा विचार करता येत नाही.

मग विमाने सुटली. येमेनमधून सुमारे ४९ हजार ज्यू १९४९-५० मध्ये आणले गेले. ज्यांनी कधी मोटारही पाहिली नव्हती अशी माणसे विमानात बसली. गरुडाच्या पंखांवरून नेण्याचे जे वचन ग्रंथात होते ते हेच, अशी त्यांची श्रद्धा होती. इराकमधून १९५०-५१ मध्ये लाखाच्या वर माणसे आली. त्या मोहिमेला नावेच एज्रा आणि नहेम्या यांची दिली होती, कारण प्रवास पुन्हा बाबेलहून जेरुसलेमकडेच होता. राज्य स्थापन झाल्यापासून १९५१ च्या अखेरीपर्यंत सुमारे ६ लाख ८७ हजार माणसे आली आणि देशाची ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली.

एवढी माणसे ठेवायची कुठे? तंबू आणि पत्र्याच्या छावण्या उभ्या राहिल्या. धान्य रेशनवर होते. १९५१ च्या अखेरीस मग नवे नियम आले. येणाऱ्यांत तरुण आणि अंगमेहनत करू शकणारे जास्त असावेत, आजारी आणि वृद्ध कमी असावेत, असे ठरले. मोरोक्कोसारख्या देशांतून येऊ पाहणाऱ्या कुटुंबांना त्याची झळ बसली. यिर्मयाच्या मेळाव्यातले आंधळे-लंगडे या नियमांत बसत नव्हते. नियम करणारी माणसे दुष्ट होती असे नाही. तिजोरी रिकामी होती आणि शत्रू सीमेवर होता. पण देवाचे काम राज्याने हाती घेतले की त्याला अंदाजपत्रकही करावे लागते, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

शनवार तेली

आता आपल्या कोकणाकडे वळू. बेने इस्रायलांची परंपरागत कथा अशी की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यापाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ते नेमके केव्हा आले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा काळाच्या ओघात गेली. राहिली ती सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, काही सण, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शनिवारची सुट्टी. त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. आडनावे गावांवरून पडली. नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. बाया लुगडी नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालत. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने गोड पोह्यांचा आणि फळांचा मलिदा होई, आजही होतो.

आपण कोण याचे भान त्यांना हळूहळू परत आले. दाविद राहाबी नावाच्या पाहुण्याने त्यांच्यातल्या खुणा ओळखल्या आणि त्यांना धर्माचे शिक्षण दिले, असे परंपरा सांगते. मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. गंमत अशी की त्यांना हिब्रूची ओळख करून देण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांचा वाटा मोठा होता. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांना आशा होती ती धर्मांतराची. बेने इस्रायल मात्र मराठी व्याकरणातून हिब्रू शिकले आणि अधिक पक्के ज्यू झाले. पुढे त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनेही केली.

या समाजाला भारतात कुणी छळले नाही. घाला घातला नाही, वेगळ्या वस्तीत कोंडले नाही. फौजेत, रेल्वेत, टपाल खात्यात, शाळांत त्यांना मान होता. मुंबईच्या महापौरपदावर डॉ. ई. मोझेस बसले, चित्रपटांत डेव्हिड आपले झाले, इंग्रजी कवितेत निस्सिम इझिकेल झाले. मग ते गेले का? १९५१ च्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. आज भारतातल्या सगळ्या ज्यूंची मिळून संख्या पाच हजारांच्या आसपास आहे. इस्रायलमध्ये मात्र भारतीय वंशाचे ज्यू ऐंशी हजारांच्या वर सांगितले जातात आणि त्यांत बहुसंख्य बेने इस्रायल आहेत. जाण्याची कारणे नेहमी सांगितली जातात ती अशी. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांची खात्री उरली नाही, लहान समाजात मुलांची लग्ने जुळेनात, आधी गेलेल्या भावाने बोलावले. ही सगळी खरीच आहेत. पण नुसत्या या कारणांनी माणूस घरदार मोडून वाळवंटाच्या काठाला जात नाही. पिढ्यान् पिढ्या जी प्रार्थना ओठांवर होती ती पुरी होण्याची वेळ आपल्याच आयुष्यात आली, असे त्यांना वाटले. ज्याचा छळ झाला तो पळतो. बेने इस्रायल पळाले नाहीत. त्यांना हाक आली आणि ते उठून गेले, आणि म्हणूनच पुढे जे झाले ते त्यांच्या अधिक जिव्हारी लागले.

जेरुसलेममधले मराठी सत्याग्रही

पहिला धक्का १९५१-५२ मध्येच बसला. नेगेव वाळवंटाच्या तोंडाशी बेरशेबा इथे ठेवलेल्या काही कुटुंबांना काम, घर आणि वागणूक या तिन्ही बाबतींत दुजाभाव जाणवला. रंगावरून आपल्याला कमी लेखले जाते, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी धरणे धरले आणि आम्हाला हिंदुस्थानात परत पाठवा, अशी मागणी केली. शंभराहून अधिक माणसांना खरोखरच परत आणावे लागले. जगभरची माणसे ‘घरी’ येत असताना ही माणसे ‘घरी’ जायचे म्हणून मुंबईला आली! त्यांतली बरीच पुढे पुन्हा इस्रायलला गेली, हेही सांगायला हवे.

दुसरा धक्का अधिक खोल होता. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने धर्मपीठाच्या, म्हणजे रब्बींच्या ताब्यात असतात. परतीच्या कायद्याने बेने इस्रायलांना देशात घेतले होते, पण काही रब्बी त्यांची लग्ने इतर ज्यूंशी लावायला तयार नव्हते. शतकानुशतके हा समाज एकटा राहिला. या काळात त्यांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले का, बाहेरचे रक्त मिसळले का, अशी शंका होती. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने लग्नाला तत्त्वतः परवानगी दिली. पण १९६२ मध्ये विवाह नोंदणी करणाऱ्यांना सूचना गेल्या, की बेने इस्रायल वधू-वराची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. रोह्याच्या घाण्यावर बसलेल्या पणजीचे लग्न कुणी लावले, याचा दाखला जेरुसलेममध्ये कुठून आणायचा?

मग आंदोलन उभे राहिले. सभा झाल्या, निदर्शने झाली आणि १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. ज्या मुलुखातून ते आले होते तिथे सत्याग्रह हा शब्द लहान मुलालाही माहीत होता. ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारला संसदेत हा विषय घ्यावा लागला. बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, असे संसदेने म्हटले आणि धर्मपीठाने आपल्या सूचनांतून त्यांचे नाव काढून टाकले. ज्यांच्याविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करावी, एवढे मोघम वाक्य राहिले.

या विजयाचे कौतुक करताना एक गोष्ट लपवता येणार नाही. बेने इस्रायलांमध्येही ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असे भेद होते. ज्यू बाप आणि परजातीची आई यांची संतती ती काळी इस्रायल, अशी समजूत. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत, पंगतीला बसत नसत. आपल्या गावगाड्यात राहून आपलाच रोग त्यांनाही लागला होता. जेरुसलेमच्या दारात त्यांना जो प्रश्न विचारला गेला, तोच त्यांनी अलिबागच्या दारात दुसऱ्यांना विचारला होता. गंमत म्हणजे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलांत ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. म्हणजे थोडेफार सगळेच मिश्र.

हा अनुभव त्यांच्यापुरता राहिला नाही. इथिओपियातल्या ज्यूंना १९८४-८५ मध्ये सुदानमार्गे आणि मे १९९१ मध्ये थेट अदिस अबाबाहून आणले गेले. १९९१ च्या मोहिमेत छत्तीस तासांच्या आत १४ हजारांवर माणसे उचलण्यात आली. विमानांतल्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या आणि वाटेत बाळेही जन्मली. यिर्मयाचे शब्द यापेक्षा अक्षरशः खरे कधी झाले नसतील. पण त्यांनाही शुद्धीचे स्नान करा म्हणून सांगण्यात आले आणि १९९६ मध्ये त्यांनी दान केलेले रक्त गुपचूप फेकून दिले जात होते, हे उघडकीला आल्यावर ते रस्त्यावर उतरले.

मनश्शेची लेकरे

या पार्श्वभूमीवर ईशान्येकडे पाहू. मिझो, कुकी आणि चिन जमातींच्या जुन्या गाण्यांत ‘मनमासी’ नावाच्या पूर्वजाचा उल्लेख येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशनरी डोंगरांत पोचले, त्यांनी भाषेला लिपी दिली, बायबल दिले आणि हा सगळा मुलूख ख्रिस्ती झाला. बायबल वाचता वाचता काहींना आपल्या जुन्या चालीरीती त्यात दिसू लागल्या. मनमासी म्हणजेच मनश्शे, आणि आपण हरवलेल्या दहा वंशांपैकी एक, असे त्यांच्या मनाने घेतले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून काही कुटुंबे ज्यू आचार पाळू लागली. कोकणात मिशनऱ्यांच्या व्याकरणाने जे घडवले, तेच मिझोरामात त्यांच्या बायबलने घडवले.

इतिहास आणि जनुके यांच्या कसोटीवर हा दावा सिद्ध झालेला नाही. तरी २००५ मध्ये इस्रायलचे एक मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी त्यांना इस्रायलच्या वंशाचे म्हणून मान्यता दिली, पण रीतसर धर्मांतराची अट घालून. त्यामुळे ते परतीच्या कायद्याखाली येत नाहीत. दर वेळी सरकारचा खास ठराव लागतो, रब्बींचे पथक येऊन मुलाखती घेते आणि तिथे पोचल्यावर शिक्षण होऊन धर्मांतर होते. आजवर काही हजार जण असे गेले आहेत. आताच्या ठरावानुसार २०२६ या एका वर्षात १,२०० जणांना नेण्याची योजना आखण्यात आली.

त्यांच्या ओढीत आता भीतीही मिसळली आहे. मे २०२३ मध्ये मणिपुरात मैतेई आणि कुकी यांच्यात पेटलेल्या हिंसाचारात अडीचशेहून अधिक माणसे मेली आणि साठ हजारांच्या आसपास बेघर झाली. त्यात या समाजाची घरे आणि प्रार्थनामंदिरेही जळाली. आपल्या देशाचा एक नागरिक समूह आपल्या मातीत सुरक्षित वाटत नाही म्हणून जातो, ही गोष्ट दिल्लीने आणि आपणही मनाला लावून घ्यायला हवी. कोकणातून माणसे प्रार्थना पुरी करायला गेली होती. मणिपुरातून ती काही अंशी जीव वाचवायला जात आहेत. आणि जात आहेत तेही शांत मुलुखात नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतर लेबनॉनच्या सीमेवरून रॉकेटचा मारा सुरू झाला, तेव्हा उत्तरेकडच्याच गावांतली हजारो माणसे घरे सोडून गेली होती.

आणि ज्यांना उठावे लागले

या कथेतला सर्वांत अवघड भाग शेवटी. अलीकडे आलेल्या बनेई मनाशेंपैकी अनेकांना नोफ हगलील या गावात वसवले आहे. ते गाव नासरेथच्या कडेला, टेकडीवर आहे. नासरेथ हे येशूचे गाव आणि आज इस्रायलमधले सर्वांत मोठे अरब शहर. गॅलिलीतली कित्येक अरब खेडी १९४८ मध्ये ओस पडली. त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपल्या घरांना मुकले. ते परतू शकावेत, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९४८ मध्ये केला. तो कागदावर राहिला. त्यानंतरच्या काळात अरब देशांतूनही लाखो ज्यूंना घर सोडावे लागले, हेही तितकेच खरे. २०२३ नंतरच्या युद्धात गाझातल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार साठ हजारांहून अधिक माणसे मेली आणि जवळजवळ सगळी वस्ती एकदा तरी विस्थापित झाली. घराच्या किल्ल्या जपून ठेवणारी आणि परतीची प्रार्थना करणारी माणसे आता दोन्ही बाजूंना आहेत. एकाला गोळा करताना दुसरा विखुरला जातो, तेव्हा त्या गोळा करण्याला संदेष्ट्यांचे नाव द्यायचे का?

काही जण म्हणतील, धर्मग्रंथ बाजूला ठेवा, हा राज्यांचा प्रश्न आहे. पण ग्रंथ आधीच मध्ये आणला गेला आहे. राज्याच्या घोषणेत तो आहे, वस्त्यांच्या राजकारणात तो आहे, या येण्याजाण्याला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थांच्या पत्रकांत तो आहे. मग तो पुरता तरी वाचावा. यशयाच्या ग्रंथात जिथे देव इस्रायलच्या पांगलेल्यांना गोळा करतो म्हटले आहे, तिथेच लगेच तो त्यांच्याखेरीज आणखीही इतरांना गोळा करणार आहे, असे म्हटले आहे. आणि सुकलेल्या हाडांचा दृष्टांत सांगणारा यहेज्केल ग्रंथाच्या शेवटाकडे येतो तेव्हा परतलेल्यांत जमिनीची वाटणी कशी करावी, हे सांगतो. तुमच्यात जे उपरे राहतात, ज्यांना तिथे मुले झाली, त्यांना देशी माणसासारखेच समजा आणि ते ज्या वंशात राहतात तिथेच त्यांना वतनाचा हिस्सा द्या, असा त्याचा निर्वाळा आहे. हे सांगणारा माणूस स्वतः कैदी होता, परमुलखात होता. उपरेपण म्हणजे काय ते त्याला ठाऊक होते.

अलिबागच्या इस्रायल आळीत आता मोजकीच कुटुंबे उरली आहेत. प्रार्थनामंदिर उभे आहे, दफनभूमीत मराठी अक्षरे कोरलेले दगड आहेत. तिकडे इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले, महाराष्ट्र दिन साजरा केला, मलिद्याचे पोहे भिजवले. जिथून हाक आली तिथे गेले, पण जिथून निघाले ते गाव त्यांनी आडनावात तसेच ठेवले. चुराचांदपूरच्या डोंगरातून निघालेल्या त्या ५,८०० जणांना गॅलिलीत उतरल्यावर कुणी त्यांची आजी कोण होती असे विचारील, तेव्हा शेजारी एखादा पेणकर किंवा रोहेकर उभा असावा. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे त्याच्या वडिलांनी जेरुसलेमच्या रस्त्यावर बसून शिकून घेतले आहे. आणि टेकडीखालच्या नासरेथमधला शेजारी भेटेल, तेव्हा हाच प्रश्न आपण त्याला विचारायचा नाही, एवढे त्या दोघांनीही लक्षात ठेवावे.